बॅझिल्डनच्या तिघांची दुसरी तबकडी

१९८१ सालच्या अखेरीस व्हिन्स क्लार्क हा तरुण 'डेपेश मोड' या वाद्यवृंदातून बाहेर पडल्याची वार्ता इंग्लंडातील संगीतविषयक साप्ताहिकांत झळकली, तेव्हा या वाद्यवृंदाचे आयुष्य आता फार तर काही महिन्यांचे उरले, असे पुष्कळ जाणकार धरून चालले. आणि ते अनुमान अगदीच निराधार होते असे म्हणवत नाही. कारण त्या एका वर्षात विक्रीच्या साप्ताहिक यादीत उत्तरोत्तर वर चढत गेलेली 'ड्रीमिंग ऑफ मी', 'न्यू लाइफ' आणि 'जस्ट कान्ट गेट इनफ' ही तिन्ही गाणी क्लार्कची होती, 'स्पीक अँड स्पेल' या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवरील अकरा रचनांपैकी नऊ त्याच्या होत्या, आणि गाणे कोठून उचलावे व कोठे सोडावे याचे मर्म त्या चौघांत त्याला एकट्यालाच उमगले आहे, अशी सार्वत्रिक समजूत होती. मागे राहिले ते मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि गायक डेव्ह गहान. तिघेही विशीच्या उंबरठ्यावरचे. या तिघांनी पुढच्या काही महिन्यांत 'अ ब्रोकन फ्रेम' ही दुसरी ध्वनिमुद्रिका सिद्ध केली व ती २७ सप्टेंबर १९८२ रोजी प्रसिद्ध झाली. तिला अपक्व आणि विस्कळीत म्हणणाऱ्यांत पुढे तिचे कर्तेही सामील झाले. असे असूनही सिंथेसायझरच्या आधाराने उभ्या राहिलेल्या लोकप्रिय संगीताच्या इतिहासात मला ती फार मोलाची वाटते. कारण प्रमुख रचनाकार निघून गेल्यावर एखादे मंडळ कशाच्या बळावर तगते, या प्रश्नाचा उलगडा तिच्यात होतो, आणि तो जितका गाण्यांत आहे तितकाच गाण्यांमागच्या व्यवहारात आहे.

हे चौघे ज्या बॅझिल्डन गावात वाढले, तेथपासूनच ही हकीकत सांगावी लागते. लंडनच्या पूर्वेस एसेक्स परगण्यात वसलेले हे गाव आपण ज्या अर्थाने गाव म्हणतो तसे जुने, चार पिढ्यांचे नव्हे. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या पूर्व लंडनमधील कुटुंबांना घरे मिळावीत म्हणून १९४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने नव्या नगरांचा कायदा केला, आणि त्या कायद्यान्वये जानेवारी १९४९मध्ये बॅझिल्डनची नवे नगर म्हणून अधिकृत नेमणूक झाली. त्या जमिनीवर तत्पूर्वी वस्ती नव्हती असे नाही. लंडनच्या कष्टकऱ्यांनी जमिनीचे चिमुकले तुकडे स्वस्तात घेऊन तेथे लाकडी-पत्र्याची घरे उभारलेली होती. सरकारी महामंडळाने ते तुकडे सक्तीने खरेदी करून, मोजणी करून, नकाशाबरहुकूम सरळ रस्त्यांचे आणि सारख्या घरांचे नगर उठवले. कारखाने आले, १९६४ साली फोर्ड कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना सुरू झाला, घरे भरली, शाळा भरल्या. मात्र एवढ्या लोकवस्तीच्या नगराला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळायला १९७४ साल उजाडावे लागले, यावरून नियोजनकर्त्यांच्या नकाशात काय होते आणि काय राहून गेले याची कल्पना येते.

डेपेश मोडच्या त्या पहिल्या चौघांपैकी एकाचाही जन्म बॅझिल्डनचा नाही. आईबापांबरोबर तेथे येऊन वाढलेली ही मुले. क्लार्क आणि फ्लेचर चर्चच्या बॉइज ब्रिगेडमध्ये जात; शाळा सुटल्यावर गोर लंडनच्या एका बँकेत आणि फ्लेचर एका विमा कंपनीत कारकुनी करू लागला; गहान दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याचे शिक्षण घेत होता. ज्या नगरात जुनी नाट्यगृहे नव्हती, पिढीजात वादकांची घराणी नव्हती, अशा ठिकाणच्या मुलांनी पारंपरिक वाद्यांकडे पाठ फिरवून नव्या विद्युत्-वाद्याला हात घालावा, हे मला अत्यंत स्वाभाविक वाटते. शिवाय त्यात सोयही होती. ढोलताशांचा पसारा नको, तालासाठी यंत्र अथवा फितीवर मुद्रित केलेला ठेका पुरे, आणि वाद्य काखोटीला मारून आगगाडीने कार्यक्रमाला जाता येते. त्यांच्याकडची आरंभीची वाद्ये, कावाई, यामाहा आणि मूग या कंपन्यांची, एका वेळी एकच स्वर काढणारी होती. तीन माणसांनी तीन वाद्यांवर प्रत्येकी एकेक स्वरपंक्ती वाजवायची आणि त्या तिन्हींच्या गुंफणीतून गाणे उभे करायचे, ही पद्धत त्या मर्यादेतून आली. पुढे अनेक स्वर एकदम काढणारी महागडी यंत्रे हाताशी आली तरी गोरच्या रचनांमधला तो सुट्या सुट्या रेषांचा बांधा सुटला नाही.

आता व्यवहाराकडे वळतो. डॅनिएल मिलर या लंडनच्या तरुणाने १९७८ साली 'द नॉर्मल' या टोपणनावाने दोन गाण्यांची एक छोटी तबकडी पदरमोड करून काढली. तिच्या वेष्टणावर त्याने स्वतःच्या आईच्या घराचा पत्ता छापला, आणि त्या पत्त्यावर ओघाने येऊ लागलेल्या पत्रांतून व ध्वनिफितींतून 'म्यूट रेकॉर्ड्स' ही पेढी जन्माला आली. याच मिलरने पुढे 'सिलिकॉन टीन्स' नावाचा एक काल्पनिक वाद्यवृंद रचला. केवळ सिंथेसायझर वाजवणारी कुमारवयीन मुलेमुली, अशी त्याची बतावणी होती. प्रत्यक्षात सारे काम तो एकटा करीत असे. म्हणजे अशा मुलांचा वाद्यवृंद असावा ही कल्पना त्याच्या मनात आधीपासून घोळत होती. १९८०च्या उत्तरार्धात पूर्व लंडनमधील कॅनिंग टाऊन येथील 'ब्रिज हाउस' या मद्यगृहात, मुख्य कार्यक्रमाआधी वाजवायला उभे राहिलेले बॅझिल्डनचे चौघे त्याने पाहिले, तेव्हा ती कल्पना सदेह त्याच्यापुढे येऊन ठाकली.

मिलरने त्यांच्याशी जो करार केला त्याचा मसुदा झाला नाही, त्यावर सही-शिक्का झाला नाही. हस्तांदोलन झाले, आणि खर्च वजा जाता उरेल तो नफा निम्मा-निम्मा वाटून घ्यावा एवढे तोंडी ठरले. मोठ्या कंपन्यांचे कारभारी त्याच सुमारास भरघोस रकमांची आमिषे घेऊन या मुलांच्या मागे लागलेले होते. त्या कंपन्यांची रीत सर्वश्रुत आहे: आरंभी मोठी उचल द्यावयाची, त्या बदल्यात इतक्या वर्षांत इतक्या ध्वनिमुद्रिका असे लिहून घ्यावयाचे, उचल फिटेपर्यंत मानधनातून ती वसूल करावयाची, आणि मध्येच मागणी घसरली तर पुढचा करार गुंडाळण्याचा हक्क मात्र स्वतःकडे राखून ठेवावयाचा. सोडून जाणाऱ्या सदस्याविषयीची कलमेही अशा दस्तऐवजांत असतात. वीस वर्षांच्या, पगारी कारकुनी करणाऱ्या मुलांनी ती उचल नाकारून तोंडी शब्द पत्करला. असा शब्द दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे पाळला गेल्याची उदाहरणे या धंद्यात विरळा. १९८१च्या अखेरीस क्लार्क निघून गेल्यावर या शब्दाची खरी किंमत कळली. फेडावयाची उचल नव्हती, म्हणून तगादा नव्हता. मुदत नव्हती, म्हणून मुदत चुकल्याची नोटीस नव्हती. गाणी लिहिण्यास गोरला अवधी मिळाला, आणि ती गाणी कच्ची असण्याची मुभाही मिळाली.

क्लार्क का गेला याविषयी त्या वेळी अनेक तर्क झाले. प्रसिद्धीची, मुलाखतींची आणि दौऱ्यांची त्याला नावड होती, हे त्याने स्वतः सांगितलेले आहे आणि ते मानण्यास हरकत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तो वाद्यवृंद सोडून गेला, पेढी सोडून गेला नाही. बॅझिल्डनचीच गायिका ॲलिसन मॉये हिच्यासमवेत त्याने 'याझू' नावाची जोडी जमवली आणि त्या जोडीची गाणीही म्यूटनेच काढली. 'ओन्ली यू' हे त्यांचे पहिले गाणे १९८२च्या वसंतात यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. भांडण झालेल्या घरातील दोन्ही भावांना एकाच छपराखाली जागा देणारा वडीलधारा माणूस क्वचितच कोणाचा पक्ष घेतल्यावाचून राहतो. मिलरने ते साधले, आणि इकडे गोर-फ्लेचर-गहान यांच्यासोबत निर्मितीच्या कामातही तो जातीने बसला.

इकडच्या तिघांनी जानेवारी १९८२च्या अखेरीस 'सी यू' हे गाणे काढले. गोरने ते किशोरवयात, डेपेश मोडचा जन्म होण्यापूर्वी लिहिलेले होते. ते सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. क्लार्कच्या कोणत्याही गाण्याने या वाद्यवृंदाला तोवर इतके वर नेलेले नव्हते. मागे राहिलेल्यांचे भवितव्य संपले असे म्हणणाऱ्यांना हे अनपेक्षित होते. वास्तविक एक दाखला अगदी ताजा होता: शेफील्डच्या 'ह्यूमन लीग'मधून १९८० साली दोन प्रमुख वादक बाहेर पडले, उरलेल्यांचे आता संपले असे सर्वांनी गृहीत धरले, आणि पुढच्याच वर्षी त्याच उरलेल्यांच्या 'डेअर' या ध्वनिमुद्रिकेने विक्रीच्या यादीत अग्रस्थान घेतले.

गाणी झाली तरी मंचावर चौथा हात हवाच होता. 'मेलडी मेकर' साप्ताहिकात वाद्यवृंदाचे नाव न देता एक जाहिरात देण्यात आली, आणि तीत उमेदवार एकवीस वर्षांच्या आतला असावा अशी अट होती. ॲलन वाइल्डर तेव्हा बावीस वर्षांचा. पियानोचे रीतसर शिक्षण झालेला, वादनात या तिघांहून कितीतरी निष्णात. त्याने वय लपवले आणि जागा मिळवली. परंतु नेमणूक झाली ती दौऱ्यातील वादनापुरती. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याला बाजूला ठेवण्यात आले. क्लार्कवाचून आम्ही हे करू शकतो हे आमचे आम्हालाच सिद्ध करायचे आहे, ही तिघांची भूमिका होती. कलेच्या दृष्टीने हा निर्णय तोट्याचा होता, हे उघड आहे. पुढे ज्या वाइल्डरच्या मांडणीने डेपेश मोडच्या गाण्यांना खोली आणि भव्यता लाभली, तोच माणूस दाराबाहेर उभा असताना हे तिघे आत एकेक बोटाने स्वर जुळवीत बसले. तरी त्या तिघांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर मला त्यांचा हट्ट पटतो. जाणत्या पाहुण्याच्या हातून ती ध्वनिमुद्रिका अधिक चांगली झाली असती, पण मग गोरला आपण रचनाकार आहोत याचा भरवसा कोठून आला असता?

ध्वनिमुद्रण झाले ते ब्लॅकविंग या स्टुडिओत. आग्नेय लंडनमधील सदर्क भागातले ऑल हॅलोज नावाचे चर्च महायुद्धातील बॉम्बवर्षावात बरेचसे कोसळले होते. उपासना बंद झालेल्या त्या वास्तूच्या शिल्लक भागात हा स्टुडिओ थाटला होता, आणि एरिक रॅडक्लिफ हा तेथला ध्वनितंत्रज्ञ होता. पहिली ध्वनिमुद्रिकाही तेथेच झाली होती, आणि याझूचे कामही तेथेच चालले. मिलरचा मोठा एआरपी सिंथेसायझर होताच. शिवाय या काळात रोलँड कंपनीचे एमसी-४ हे स्वरक्रम-यंत्र आणि जर्मन बनावटीचे पीपीजी हे वाद्य त्यांच्या हाती आले. एमसी-४ म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. गणकयंत्रासारखी अंकांची बटणे आहेत. प्रत्येक स्वरासाठी प्रथम त्याची उंची दाखवणारा अंक भरायचा, मग पुढचा स्वर येईपर्यंतच्या अवधीचा अंक, मग तो स्वर त्या अवधीतील किती काळ प्रत्यक्ष वाजत राहावा याचा अंक. एखाद्या कारकुनाने खतावणीत रकमा मांडाव्या तसे गाणे आकड्यांनी भरावे लागे, आणि एक आकडा चुकला की सबंध ओळ घसरे. पण नीट भरलेले आकडे वाजू लागले की मानवी हाताला न जमणारी एक काटेकोर, न थकणारी लय निर्माण होई. आणि त्या निर्विकार लयीवर गहानचा अजून पुरता न पिकलेला, किंचित धास्तावलेला आवाज येतो, यातच या ध्वनिमुद्रिकेचे वेगळेपण आहे.

दहा रचनांत सारखेपणा नाही, हा आक्षेप खरा आहे. 'द मीनिंग ऑफ लव्ह' आणि 'अ फोटोग्राफ ऑफ यू' ही दोन गाणी क्लार्कच्या गोड, उड्या मारणाऱ्या चालींची छाया घेऊन आलेली आहेत; त्यांत गोर दुसऱ्याच्या अंगरख्यात वावरतो. 'सॅटेलाइट'मध्ये जमैकन धाटणीचा उलटा ठेका आहे, तो प्रयोगापलीकडे जात नाही. 'नथिंग टू फिअर' ही शब्दविरहित रचना मात्र मला फार प्रसन्न वाटते, कारण तीत वाद्यांच्या सुट्या रेषा एकमेकींना वाट देत चालतात. 'शुड्न्ट हॅव डन दॅट'मध्ये गोर आणि गहान यांचे आवाज बरोबरीने येतात, आणि बाळाच्या खेळघरात उद्याच्या सत्ताधीशाचे मनसुबे कसे आकार घेतात याची ती गोष्ट आहे. एकवीस वर्षांच्या मुलाने असा विषय घ्यावा हेच त्या वेळच्या गोडगुलाबी गाण्यांत उठून दिसते. त्या वर्षी ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती आणि फॉकलंड बेटांसाठी युद्ध झाले होते, हे स्मरले म्हणजे तो विषय आकाशातून पडला असे वाटत नाही.

आणि मग आरंभीचे व अखेरचे गाणे. 'लीव्ह इन सायलेन्स' हे आरंभीचे. खर्जातल्या, मठातील साधूंनी एकसुरात म्हणावे तशा स्वरांनी ते उघडते. ठेका संथ आणि जड आहे. प्रेम पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन मोडते याची कबुली त्यात आहे. अखेरचे 'द सन अँड द रेनफॉल' त्याहून सरस. त्यात दोन आवाज एकमेकांच्या पाठोपाठ येतात, एकाचे वाक्य पुरते होण्याआधी दुसऱ्याचे सुरू होते, आणि बदल अटळ आहे हे ते दोघे जणू एकमेकांना पटवीत राहतात. तालाचे आघात येथे प्रथमच धातूसारखे, रिकाम्या दालनात घुमल्यासारखे ऐकू येतात. १९८६च्या 'ब्लॅक सेलिब्रेशन' या त्यांच्याच ध्वनिमुद्रिकेत ज्या अंधाऱ्या गांभीर्याची सर्वांनी वाखाणणी केली, त्याचे बीज निःसंशय या गाण्यात आहे.

वेष्टनचित्राबद्दल लिहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही, कारण ते चित्र ध्वनिमुद्रिकेपेक्षा अधिक लोकांनी पाहिले असेल. पिकलेल्या धान्याचे विस्तीर्ण शेत, माथ्यावर दाटून आलेले काळे ढग, आणि रशियन शेतकरणीसारखा वेश केलेली एक स्त्री लांब दांड्याच्या विळ्याने कापणी करते आहे. प्रथमदर्शनी हे तैलचित्र वाटते. ते आहे छायाचित्र. ब्रायन ग्रिफिन याने केम्ब्रिजशर परगण्यातील डक्सफर्डजवळच्या शेतात ते घेतले. सोव्हिएत काळातील समाजवादी वास्तववादी चित्रकला आणि जर्मन स्वच्छंदतावादी निसर्गचित्रे या दोहोंचा संस्कार त्यावर आहे, आणि ढगांतून झिरपणाऱ्या नैसर्गिक उजेडात ग्रिफिनने कृत्रिम प्रकाशाची अशी भर घातली की त्या स्त्रीची आकृती शेतातून उगवल्यासारखी दिसते. १९८० ते १९९० या दशकातील जगातील उत्तम छायाचित्रांचा जो विशेषांक अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाने काढला, त्याच्या मुखपृष्ठावर हेच छायाचित्र होते. यंत्रांवर वाजवलेल्या, नव्या नगरात जन्मलेल्या संगीताला कापणीचे चित्र द्यावे, ही निवड त्या काळच्या चकचकीत, रंगीबेरंगी वेष्टनांच्या गर्दीत धाडसाची होती. आणि मला वाटते, गाण्यांत जे गांभीर्य अजून चाचपडत होते ते या चित्रात आधीच पुरे उतरले होते.

ध्वनिमुद्रिकेचे स्वागत संमिश्र झाले. ती यादीत आठव्या क्रमांकावर पोचली, म्हणजे क्लार्कच्या वेळच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपेक्षा दोन पायऱ्या वर. तेव्हा श्रोत्यांनी पाठ फिरवली असे म्हणता येत नाही. परंतु तिच्यातून काढलेल्या सुट्या गाण्यांचा क्रम पाहिला तर सहा, बारा, अठरा अशी घसरण दिसते. समीक्षकांपैकी काहींनी गोरच्या प्रगतीची दखल घेतली. काहींनी मात्र नवलाई ओसरल्यावर उरलेला हा सांगाडा आहे, चाली बाळबोध आणि भाव उसना आहे, असा निवाडा दिला. या निवाड्यात एक दुसरी तबकडी मोजमापासाठी सतत शेजारी ठेवलेली होती. याझूची 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स' ऑगस्टमध्ये, या ध्वनिमुद्रिकेच्या जेमतेम महिनाभर आधी, त्याच पेढीने काढली होती, आणि ती दुसऱ्या क्रमांकावर गेली होती. तिच्या शीर्षकातला एरिक म्हणजे तोच रॅडक्लिफ, स्टुडिओ तोच ब्लॅकविंग. मॉयेचा भरदार, कमावलेला आवाज एका बाजूस आणि गहानचा कोवळा आवाज दुसऱ्या बाजूस, अशी तुलना झाल्यावर काय निकाल लागणार हे सांगावयास नको. पण निघून गेलेल्याचे काम समोर ठेवून राहिलेल्यांचे काम तोलणे हा न्याय नव्हे. राहिलेल्यांनी आधी काय केले नव्हते आणि आता काय केले, हे पाहावयास हवे होते.

त्या वर्षी मूळ वाद्याविषयीच तक्रार उभी होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बॅरी मॅनिलो या गायकाच्या दौऱ्यात वाद्यमेळाऐवजी सिंथेसायझर वापरले गेल्याने वादकांच्या पोटावर पाय येतो, या भीतीने ब्रिटनमधील वादकसंघाच्या मध्य लंडन शाखेने १९८२च्या मे महिन्यात सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर बंदी घालावी असा ठराव केला. ठराव संघाचे अधिकृत धोरण कधी झाला नाही. पण आपल्याकडे आकाशवाणीने बाजाच्या पेटीवर १९४० साली घातलेली बंदी ज्यांना आठवते त्यांना नव्या वाद्याभोवतीचे असले हुकूम अपरिचित वाटणार नाहीत. आणि नेमक्या त्याच १९८२ साली मुंबईत, चित्रपटसंगीतात आयुष्य घालवलेल्या चरणजित सिंग यांनी रोलँडचीच वाद्ये घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. ती तबकडी एचएमव्हीने पुढच्या वर्षी काढली, खपली नाही, आणि २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर युरोपातल्या श्रोत्यांनी तिला डोक्यावर घेतले. लंडनमध्ये काम करणारे तिघे आणि मुंबईचे सिंग यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण स्वरांचे आकडे भरणारी माणसे तेव्हा दोन्ही शहरांत बसलेली होती, आणि दोन्हीकडचे काम समजून घेण्यास काळ लागला.

'अ ब्रोकन फ्रेम'चे कर्ते पुढे तिच्याविषयी ममत्वाने बोलले नाहीत. गोरने आणि गहानने तिला आपल्या कच्च्या कामांत गणले, आणि मोठ्या दौऱ्यांत तिच्यातली गाणी फारशी वाजवली गेली नाहीत. १९८८ साली पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानात साठ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे उभ्या राहिलेल्या माणसांना एकविसाव्या वर्षीची आपली अडखळ नकोशी वाटावी हे समजण्याजोगे आहे. पण कर्त्याचा निर्णय अखेरचा मानलाच पाहिजे, हे मला मान्य नाही. पेढीच्या दफ्तरात पाहिले तर वेगळीच नोंद सापडते. तोवर डेपेश मोडच्या सुट्या गाण्यांना म्यूटच्या सर्वसाधारण मालिकेतले क्रमांक मिळत. 'लीव्ह इन सायलेन्स'पासून त्यांच्यासाठी 'बाँग' या नावाची स्वतंत्र मालिका सुरू झाली, आणि त्या गाण्याला तीतला पहिला क्रमांक मिळाला. अठराव्या क्रमांकावर अडकलेल्या गाण्यापासून पेढीने नवी खातेवही उघडावी, याचा अर्थ मिलरला या तिघांचे पुढचे पाऊल दिसत होते, असाच मी करतो. त्याच मालिकेचे क्रमांक पुढे दशकानुदशके चालले.

उलट बाजूस याझूची कथा पाहा. त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका 'यू अँड मी बोथ' १९८३च्या जुलैत निघाली आणि यादीत सर्वोच्च स्थानी गेली. पण ती बाजारात येण्याआधीच क्लार्क आणि मॉये विभक्त झालेले होते. अव्वल क्रमांकाची ती दुसरी तबकडी त्या जोडीची अखेरची ठरली, आणि आठव्या क्रमांकाची ही दुसरी तबकडी चाळीस वर्षांच्या वाटचालीची सुरुवात ठरली. क्लार्क पुढे 'इरेझर'मध्ये स्थिरावला. २०१२ साली त्याने आणि गोरने मिळून केवळ वाद्यसंगीताची एक ध्वनिमुद्रिका केली, तीही म्यूटनेच काढली.

वाइल्डरला १९८२ संपता संपता स्टुडिओचे दार उघडले. १९८३च्या आरंभी निघालेले 'गेट द बॅलन्स राइट' हे चौघांचे पहिले गाणे, आणि त्याच वर्षीच्या 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन'वर ग्रिफिननेच पर्वताच्या उतारावर हातोडा उगारलेला कामगार उभा केला. २००६ साली 'अ ब्रोकन फ्रेम'ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यासोबतच्या अनुबोधपटाच्या शीर्षकात, त्यांच्या तथाकथित अंधाऱ्या पर्वाचा हा आरंभ, असे म्हटलेले होते. त्यातला तथाकथित हा शब्द मी काढून टाकीन. ज्यांनी ही ध्वनिमुद्रिका अजून ऐकलेली नाही त्यांनी ती क्रमाने ऐकू नये, अशी माझी विनंती आहे: प्रथम 'द सन अँड द रेनफॉल' ऐकावे, मग 'लीव्ह इन सायलेन्स', मग 'नथिंग टू फिअर'; 'द मीनिंग ऑफ लव्ह' आणि 'अ फोटोग्राफ ऑफ यू' यांची पाळी सर्वांत शेवटी यावी.